मागची घरघर

"काका, बटण डावीकडे फिरवलं की पंखा मंद, उजवीकडे फिरवलं की जोरात. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला आणि पेटीच्या तोंडावर नव्यानेच बसवलेल्या काळ्या पट्टीवरून त्याने फडकं फिरवलं. पट्टीवर चार गोल बटणं होती, चार पंख्यांची, आणि मधे छोटासा पडदा. पडद्यावर निळ्या अक्षरात एकेचाळीस असा आकडा होता.

"हा आकडा कशाचा?" उस्तादांनी विचारलं.

"आतल्या गरमीचा. सत्तरच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. चढायला लागला की पंखे वाढवा. आणि हे शेवटचं बटण प्रोसेसरच्या पंख्याचं आहे, त्याच्याशी खेळ नको. फारच तापलं तर मशीन आपलं आपण बंद पडतं."

"म्हणजे इंजिनासारखंच की. तीस वर्षं तो काटाच बघत आलोय बाबा. मला काय शिकवतोस?"

दुरुस्त करणारा हसला आणि सामान आवरून निघून गेला. माशी शिंकली ती इथेच, पण ते नंतर कळलं.

उस्ताद हे त्यांचं एसटी डेपोतलं नाव. सगळे ड्रायव्हर ज्याला आपली गाडी बिनदिक्कत सोपवतील तो उस्ताद. त्यांची बायको त्याच स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायची, म्हणून ती चौकशीबाई. तिने पुकारल्याशिवाय उस्तादांची गाडी हलत नसे, आणि घरातही फारसं वेगळं चाललेलं नाही असं डेपोतले लोक म्हणत. पुढे बाईंच्या जागी यंत्रात भरलेला आवाज आला. उस्तादांना समोरून दिवे आले की अंधारी यायला लागली, तेव्हा त्यांच्याही हातातलं स्टिअरिंग गेलं. दोघं एकदमच घरी बसली.

बाईंनी मात्र काम शोधून काढलं. अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून ठेवणारं एक ग्रंथालय होतं. त्यांना वाचणारी माणसं हवी होती. एका फोटो स्टुडिओने मोडीत काढलेला कॉम्प्युटर बाईंनी घेतला, माइक लावला आणि वाचायला बसल्या. नमुना दोनदा परत आला. आवाज उत्तम, उच्चार स्वच्छ, पण मागे घरघर येते, असा निरोप दोन्ही वेळा होता. त्या पेटीचे चारही पंखे सदानकदा पूर्ण वेगाने फिरायचे, गिरणीच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्यांदा ग्रंथालयाच्या बाईंनी कायद्याचं एक जाडजूड पुस्तक दिलं आणि फोनवर स्पष्टच सांगितलं, "एका मुलीची परीक्षा आहे. तिला हे पुस्तक ऐकायलाच लागणार. पहिली तीन प्रकरणं शनिवारपर्यंत द्या. या वेळी घरघर आली तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल, वाईट वाटून घेऊ नका." म्हणून ही पट्टी बसवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता उरकून दोघं कामाला लागली. खिडक्या लावल्या, दारावर रजई टांगली, छताचा पंखा बंद केला. वाचताना बाईंची नजर पुस्तकावर असणार, तेव्हा बटणं सांभाळायचं काम उस्तादांकडे आलं. ते पेटीशेजारी बुटक्या स्टुलावर बसले. आवाज करायची सोय नव्हती, म्हणून डेपोतली घंटीची भाषा ठरली. बाईंच्या गुडघ्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

उस्तादांनी पंखे थोडे मंद केले, दोन थापा दिल्या आणि बाईंचा आवाज सुटला. कराराच्या कायद्यातलं उस्तादांना ओ की ठो कळत नव्हतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच सकाळी उठून आपल्याला कुठेतरी हजर व्हायचं आहे असं त्यांना वाटलं होतं, आणि त्या आनंदात ते आकड्याकडे डोळे लावून बसले होते.

पहिलं प्रकरण झालं, दुसरंही संपत आलं. खोली तापली होती. आकडा अठ्ठावन्नवर होता, तो त्रेसष्टवर गेला. उस्तादांनी घाम पुसला. आकडा अडुसष्ट झाला. आणि त्या क्षणी त्यांच्या हाताने तेच केलं जे तीस वर्षं घाटात त्यांच्या पायाने केलं होतं. इंजिन तापलं की पाय उचलायचा, वेग कमी करायचा. त्यांनी चारही बटणं डावीकडे घेतली.

आकडा एकाहत्तर झाला. मग त्यांनी आणखी डावीकडे घेतली, अगदी टोकापर्यंत. खोलीत अशी शांतता पसरली की बाईंचा आवाज आणखीच मोकळा झाला. त्या वाचत होत्या आणि उस्ताद चढत्या आकड्याकडे बघत मनात गाडी सावकाश चढणीवर घेत होते. थांबायची थाप द्यावी हे त्यांना सुचलंच नाही, कारण भर चढणीवर उस्ताद गाडी कधी थांबवत नसत. थोड्याच वेळात पडदा काळा झाला आणि पेटी मुकी झाली.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

उस्तादांचा हात अजून बटणावर होता. डावीकडच्या टोकाला बोट अडलेलं त्यांना दिसलं, आणि सगळा उलगडा एका झटक्यात झाला. "लाईट गेली वाटतं," ते म्हणाले.

बाईंनी दिव्याचं बटण दाबून पाहिलं. दिवा लागला. "लाईट आहे की."

"मग मशीनच गेलं असेल. मोडीतला माल तो."

पेटी थंड झाल्यावर सुरू झाली, पण सकाळचं वाचलेलं काही सापडलं नाही. बाईंनी मधे कुठेच सेव्ह केलं नव्हतं. दोन तासांचं काम पाण्यात गेलं. बाईंनी पुस्तकाला कागदी आवरण घातलं आणि त्या पिशवी शोधायला लागल्या.

"कुठे निघालीस?"

"परत देऊन येते. आज बंद पडलं, उद्याही पडेल. त्या पोरीच्या परीक्षेशी खेळ कशाला? दुसरं कुणी वाचेल." बाईंचा चेहरा स्टँडवरची चौकशीची खिडकी बंद झाली त्या दिवशी होता तसाच झाला होता. त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या, डबा धुऊन घरी आल्या होत्या.

उस्तादांनी आयुष्यात एकदाही गाडी ठोकली नव्हती, त्यामुळे कबुली कशी द्यायची हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पायात चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. बाई दारापर्यंत पोचल्या तेव्हा ते बोलले.

"मशीन ठीक आहे. मी बंद पाडलं."

बाई वळल्या.

"तापलं तसा मी वेग कमी केला. गाडीसारखा. इथे वेग इंजिनाचा नाही, पंख्याचा आहे हे डोक्यातच आलं नाही. त्याने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आणि लाईट गेली म्हणालात ते?"

"ते खोटं बोललो."

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "चुकलात त्याचं काही नाही. पण मी हे पुस्तक परत करायला निघाले होते. तुमच्या त्या एका वाक्यावर. माझा आवाज दुसऱ्यांदा गेला असता, आणि तुम्ही चपला घालून उभे होतात."

उस्तादांनी मान खाली घातली. त्यांना त्या पट्टीची, बटणांची आणि सगळ्यात जास्त स्वतःची लाज वाटली. "तू एकटीच वाच. मी बाहेर बसतो," ते म्हणाले.

"बाहेर बसून काय करणार? पाहुणे आहात?" बाई पुस्तकाचं आवरण काढत होत्या. "बसा इथे. आणि आधी मला म्हणून दाखवा, तापलं की कुठल्या बाजूला."

"उजवीकडे."

"परत."

"उजवीकडे. आणि आधी तुला थाप."

शनिवारला तीनच दिवस होते. उस्तादांनी आता काम मन लावून शिकून घेतलं. घरघर अजिबात येणार नाही इतके पंखे मंद ठेवून किती वेळ वाचता येतं ते घड्याळ लावून पाहिलं. बारा मिनिटं. मग एक थाप. चारही बटणं उजवीकडे, पेटी जोरात श्वास घेते, बाई पाणी पितात आणि वाचलेलं सेव्ह करतात. आकडा पन्नासच्या खाली आला की पंखे परत मंद, दोन थापा. दुसरं बटण अर्ध्यावर ठेवलं की पेटी अजिबात कुरकुरत नाही हे त्यांनी कान लावून शोधलं. चौथं बटण किती खाली नेलं तर चालतं तिथे त्यांनी खडूने खूण केली, पण हात लावताना दर वेळी आकडा बघितला. शनिवारी सकाळी तिन्ही प्रकरणं पाठवून झाली.

सोमवारी दुपारी फोन आला. बाईंनी स्पीकर लावला. उस्ताद वर्तमानपत्र धरून बसले होते, वाचत काही नव्हते.

"पुढची सगळी प्रकरणं तुम्हीच वाचायची," ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या. "त्या मुलीने काल दिवसभर ऐकलं. म्हणाली, मागे काहीच ऐकू येत नाही. खोलीत त्या अगदी एकट्या बसल्या आहेत असं वाटतं."

"एकटी कसली हो," बाई बोलायला लागल्या, "आमचे हे..."

उस्तादांनी घाईने हात हलवून त्यांना थांबवलं. फोन संपला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"सांगू का दिलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"अगं, गाडी चांगली चालली की माणसं झोपतात. ड्रायव्हर आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही," ते म्हणाले. "ते लाव ना जरा. मला ऐकायचंय."

बाईंनी पहिलं प्रकरण लावलं आणि हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला. उस्ताद डोळे मिटून ऐकत राहिले. एक परिच्छेद संपला, दुसरा सुरू झाला. त्यांनी हात वर केला.

"हे नको. जरा मागे घे."

"कुठलं वाक्य?"

"वाक्य नाही. तू दोन वाक्यांच्या मधे थांबतेस ना, तिथली शांतता लाव."