सुकले आणि वाळले

"पॅड सुकले का गं, वहिनी?" ताईंनी गॅरेजमधून विचारलं तेव्हा अकरा वाजले होते. साडेअकराला परत तेच. पावणेबाराला नुसतंच, "वहिनी?"

"नाही अजून, ताई."

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. घरामागच्या गॅरेजात त्या गाड्यांना पॉलिश करतात. आज चार वाजता उस्ताद येणार होते. ताईंनी सात वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आहेत. आता त्यांचं नवं दुकान तयार झालंय, आणि ते चालवायला ताईंना द्यायचं की आपल्या पुतण्याला, हे ते एका काळ्या गाडीच्या बॉनेटवरून ठरवणार होते. "दारं कोणीही चमकवतं," असं त्यांचं म्हणणं, "माणूस बॉनेटवर कळतो." पुतण्याचं बॉनेट ते कालच बघून आले होते. कसं झालं ते कोणी बोलत नव्हतं, म्हणजे उत्तमच झालं असणार. वाईट काय ते आधी धरून चालायचं, हा माझा स्वभाव.

आणि बॉनेटचं सगळं घोडं अडलं होतं माझ्या जाळीवर.

भांडी निथळायची आमची जुनी जाळी खिडकीत आडवी टाकलेली, तिच्यावर सहा पॅड. बशीएवढे, फोमचे, काळे. पाठीला वेल्क्रो, त्याने ते मशीनला चिकटतात. हे मऊ पॅड, शेवटच्या हातासाठी. पहिल्या हाताचे नारिंगी असतात, खरखरीत पॉलिशसाठीचे, ते ओरखडे घालवतात. काळे ती चमक आणतात जिच्यात बघून माणूस केस नीट करतो. काल दारांना सहाच्या सहा वापरून झाले होते, आणि पॉलिशने भरलेला पॅड चमक आणत नाही, नुसता फासत बसतो. ते धुऊन वाळवून देणं माझ्याकडे.

माझ्याकडे कसं, तर मीच ओढवून घेतलं. माझी लेक गुंडी तेव्हा दोन महिन्यांची होती. तिला कडेवर घेऊन मी गॅरेजच्या दारात उभी असायचे, दिवसभर दुसरं बघायला होतं काय. ताई पॅड धुवायच्या म्हणजे कपड्यांची पावडर टाकून खसाखसा घासायच्या, पिळून पिळून त्याची दोरी करायच्या. चार धुण्यांत पॅडच्या कडा कडक आणि पाठ सुटलेली. एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, "पिळू नका हो, दाबा. गुंडीचं लोकरीचं टोपडं धुतो तसं."

"असं? मग धू की तूच," ताई म्हणाल्या.

त्याला आता सहा महिने झाले. कोमट पाणी, गुंडीचाच साबण, अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जायचं. आधी राखाडी पाणी निघतं, मग दुधाळ, मग नितळ. नितळ आलं तरी मी आणखी दोनदा बघते. नारिंगींची बादली वेगळी, काळ्यांची वेगळी, झाकणं वेगळी, बसायचे पाटसुद्धा वेगळे. नारिंगीतला एक कण काळ्यात गेला की काळ्या रंगावर गोल गोल रेघा उठतात. "पॅड धुतेस का ऑपरेशनची तयारी करतेस?" असं नवरा विचारतो. खुशाल विचारू दे.

वाळत घालताना फोम खाली, वेल्क्रो वर. पाणी खाली उतरतं, वेल्क्रो धरून ठेवणाऱ्या डिंकाकडे जात नाही. पण आज सकाळपासून आभाळ भरलेलं, हवा दमट, वाऱ्याचा पत्ता नाही. एरवी आम्ही पॅड मशीनला लावून रिकाम्या बादलीत गरगर फिरवून काढतो, निम्मं पाणी तिथेच उडतं. पण मशीन एकच, आणि ते सकाळपासून बॉनेटवर नारिंगी पॅडनी चाललेलं. त्याची घरघर भिंतीतून येत होती आणि मी दर थोड्या वेळाने जाळीपाशी जाऊन पॅड चाचपत होते. भीती म्हणावी तर भूकही लागली होती. आनंदच असावा. किती दिवसांनी माझ्या कामाची कोणीतरी वाट बघत होतं.

दोन वाजून गेल्यावर गुंडी पेंगायला लागली. तिला मांडीवर घेऊन मी आतल्या खोलीत बसले. थोपटता थोपटता ताईंची हाक ऐकली, "सुकले का?" आणि सासूबाईंचं उत्तर ऐकलं, "सुकले गं. हे काय, खडखडीत आहेत. नेऊन देते."

मी दोन थोपट्या आणखी दिल्या. मग डोक्यात प्रकाश पडला.

आमच्या घरात ही एक भानगड आहे. सासूबाईंना वरून हात लावून ओलं लागलं नाही की ते सुकलं. मी त्या सुकण्याची धास्ती घेतलीय. गुंडीच्या जाड दुपट्यांच्या बाबतीत आमचं रोज यावरून वाजतं. वर कोरडं, घडी उलगडली की आत गार. त्याला मी सुकलं म्हणते, वाळलं म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, "कॉलेजात हेच शिकवलं वाटतं?"

मी अर्धवट झोपलेल्या गुंडीला उचललं आणि तशीच अनवाणी मागे धावले.

ताई बॉनेटवर वाकलेल्या. पॅड मशीनला लावलेला, त्यावर पॉलिशचे चार थेंब घातलेले, अंगठा बटणावर.

"थांबा, ताई."

"आता काय गं?"

"ते सुकलेत. वाळले नाहीत."

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी झोपेत बोलतेय. मी गुंडीला सासूबाईंच्या हातात दिलं, टेबलावरचा दुसरा पॅड घेतला, कागदी रुमालात धरला आणि दोन्ही हातांनी दाबला. रुमालावर हळूहळू रुपयाएवढा ओला डाग उमटला. मग बशीएवढा.

मशीन फिरलं असतं तर ते पाणी पॉलिशमध्ये उतरून सगळ्या बॉनेटवर पांढुरका ढग धरला असता. तो काढायचा तर परत नारिंगीपासून सुरुवात.

ताईंनी मशीन हळूच खाली ठेवलं. "अडीच वाजलेत," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. आजवर त्यांचा असा आवाज मी तर ऐकला नव्हताच, सासूबाईंनीही ऐकला नसावा, कारण त्या लगेच म्हणाल्या, "केस वाळवायचं यंत्र आणू?"

"नको, आई," मी म्हणाले. "गरम हवेने डिंक सुटतो. मागच्या महिन्यात एक उडून कॅलेंडरवर बसला, आठवतंय ना?"

"मग?"

"मग दुपटी आणा. गुंडीची, कोरडी, असतील तेवढी. आणि पाट आणा."

दुपटं कधी घाईचं असलं की मी काय करते? कोरड्या टॉवेलात गुंडाळते आणि त्यावर बसते. तेच इथे. ताईंनी मशीन पुसून एकेक पॅड रिकाम्या बादलीत फिरवायला घेतला. सूंऽऽ करून पाण्याची बारीक भिंगरी बादलीच्या कडेला फुटायची, आणि दर वेळी गुंडी खदखदून हसायची. झोप कुठल्या कुठे पळाली होती. फिरवलेले पॅड मी दुपट्याच्या दोन घड्यांमध्ये ठेवले, वर पाट.

"बसा, आई."

"मी?"

"घरात वजनदार माणूस तुम्हीच."

"आता बरी गरज पडली माझ्या वजनाची," असं म्हणत त्या नातीला मांडीवर घेऊन पाटावर बसल्या. ताई हसल्या. दर तीन मिनिटांनी दुपटं बदललं. पहिलं चिंब निघालं, दुसरं ओलं, तिसरं नुसतं गार. मग तीन पॅड टेबलफॅनसमोर कपड्याच्या चिमट्यांत उभे केले. उरलेले तीन सासूबाईंच्या खालीच राहिले.

तीन वाजून दहा. एक पॅड मी वरच्या ओठाला लावला. हाताला फसवता येतं, ओठाला नाही. गार.

वीस मिनिटांनी परत. थोडा गार.

पावणेचारला आणखी थोडा वेळ ओठाशी धरला. काहीच नाही. रुमालात दाबला, रुमाल कोरडा. "वाळला," मी म्हणाले, आणि ताईंनी तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला.

त्या पंधरा मिनिटांत माझी नजर बॉनेटवरून हलली नाही. मशीन उभं-आडवं सरकत होतं, आणि त्याच्यामागे रंग काळा होत नव्हता, खोल होत होता. विहिरीवरचं झाकण कोणी बाजूला करावं तसा. दुसरा पॅड. तिसरा. मऊ फडका फिरवून ताई मागे सरल्या तर बॉनेटमध्ये ट्यूबलाइट सरळ, एकही रेघ न मोडता. तिच्याखाली टेबलफॅनचं पातं न् पातं.

उस्ताद चाराच्या ठोक्यालाच आले. बारीक अंगाचे, खिशात टॉर्च. पाटावर बसलेल्या सासूबाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. त्या उठल्या नाहीत, नुसती मान हलवली. मग त्यांनी टॉर्च लावला आणि बॉनेटभोवती इतके सावकाश फिरले की मला वाटलं, हे आता उद्याच बोलणार.

"ढग नाही," ते म्हणाले. मग पुढे, "आज अशी हवा असून ढग नाही. पॅड नवे आणलेस?"

"जुनेच आहेत, उस्ताद."

त्यांनी एक पॅड उचलला, वेल्क्रोची झिजलेली कड बघितली, आणि फोम आपल्या ओठाला लावला. माझ्यासारखाच. "पुतण्याने सगळे नवे वापरले," ते म्हणाले. "नव्यावर कोणालाही जमतं. हे कोण धुतं?"

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "वहिनी. मी तर सुकले म्हणून लावलेच होते. हिने थांबवलं."

उस्तादांनी टॉर्च बंद केला. "सोमवारी दुकान उघड," ते ताईंना म्हणाले. "पण धुणारी बरोबर आणायची."

ताईंनी खाली बघून दोनदा मान हलवली, आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मला काहीतरी शोभेसं बोलायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "तिथे वारा कुठल्या बाजूने येतो? आणि पाळणा टांगायला हूक आहे का?"

उस्ताद ताईंकडे वळले. "ही तुझ्या पुढची आहे."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला. गुंडी त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती आणि त्या मघापासून तसूभरही हलल्या नव्हत्या.

"अगं सूनबाई, हे खालचे तीन वाळले असले तर सांग. पाहुण्यांना पाणी विचारायला उठेन म्हणते."