संपातला भोंगा

नलू परबच्या पोटात दुखत होतं, आणि ते ओवा खाऊन थांबणारं दुखणं नव्हतं. त्या दुखण्याचं नाव गुणवंती होतं.

काळाचौकीच्या चाळीत वाढलेली, गिरणी कामगाराची मुलगी नलू बारा वर्षं मालिकांचे संवाद लिहीत होती. पडद्यावर नाव लागायचं ते दुसऱ्याच माणसाचं. मग एका वाहिनीने वर्ग काढला. ज्यांच्या घरात कुणी स्टुडिओचं दारही पाहिलं नाही अशा सहा लेखकांना सहा महिने शिकवायचं आणि शेवटी त्यातल्या एकाला शोरनर करायचं. शोरनर म्हणजे मालिकेचा कारभारी. गोष्ट त्याची, हाताखालचे लेखक त्याचे, कुठला सीन राहील नि कुठला उडेल ते त्याच्या शब्दावर. बाकीचे पाच जण त्याच्याच मालिकेत लिहिणार. आणि त्याचं नाव सगळ्यात आधी, मोठ्या अक्षरात. नलूला ती खुर्ची हवी होती. बेचाळीस वर्षांत तिने दुसरं काही इतकं मागितलं नव्हतं.

गुणवंतीला या वर्गात आणलं नलूनेच. वरळी कोळीवाड्याची ही पोरगी, आई दादरच्या बाजारात मासळी विकणारी. तिची एक एकांकिका बघून नलूनेच तिला फॉर्म भरायला लावला. वाटलं, आपल्याकडून शिकेल, ताई ताई करेल. ताई ताई ती करत होतीच, पण शिकायचं मात्र तिने परस्पर उरकून घेतलं होतं.

वर्ग भरायचा लोअर परळच्या काचेच्या इमारतीत. नलूचे बाबा ज्या साळखात्यात कापड विणायचे साचे चालवायचे, ते तिथेच कुठेतरी होतं. दर आठवड्याला एकाने खोली चालवायची, म्हणजे बाकीच्यांकडून भाग लिहून घ्यायचा. नलूच्या आठवड्यात तिने प्रत्येकाचा सीन हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहून काढला. बारा वर्षांची सवय, दुसरं काय. शिकवणाऱ्या लतिका मॅडम म्हणाल्या, "लिहिलंय सुंदर. पण नलूताई, खोलीत तुम्ही एकट्याच होता."

गुणवंतीच्या आठवड्यात तिने सीनचे कागद टेबलावर मांडले. एका जड सीनसोबत एक हलका, असे सहा वाटे. "उचला," ती म्हणाली. "आमच्या घरात जी मासळीचे वाटे लावते, ती शेवटचा उचलते. म्हणून वाटे बरोबर लागतात." सगळ्यांनी आपापला वाटा उचलला, आणि शेवटी उरलेले दोन रटाळ सीन तिने कुरकुर न करता लिहिले. लतिका मॅडमनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. नलूने ते बघितलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मासे विकायची अक्कल, ती काय कागदावर लिहून ठेवायची गोष्ट आहे?

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने आपल्या मालिकेचा पहिला भाग वाचायचा होता. गुणवंतीने गोष्ट निवडली गिरणी संपाची. एक कोळीण आणि गिरणगावात खानावळ चालवणारी एक बाई, यांची मैत्री. चार दिवस आधी चिंचपोकळीच्या हॉटेलात तिने तो भाग नलूसमोर ठेवला.

"गिरणीचं मला काय कळत नाय, ताई. तू बघ."

नलू वाचत गेली. चांगला होता. इतका चांगला की तिचा चहा तिला कडू लागला. आणि मग तिला ते सापडलं. बेचाळीस वर्षांची नव्हे, आठ वर्षांची नलूही ते ओळखू शकली असती. संपाचा चौथा महिना, पहाट, आणि गिरणीचा भोंगा वाजतो. संपात भोंगा कुठला? गिरणीच बंद, तर भोंगा वाजणार कुणासाठी?

परीक्षेला निर्माते दौलतराव बसणार होते, आणि ते डिलाईल रोडवर लहानाचे मोठे झालेले. नलूने कागद परत दिले.

"छान आहे. काही बदलू नकोस."

गुणवंतीने तिचा हात दाबला. नलूने तो हळूच सोडवून घेतला.

परीक्षेच्या दिवशी गुणवंतीने चार ओळी वाचल्या आणि दौलतरावांनी हात वर केला.

"चौथ्या महिन्यात भोंगा? अहो, संप लागला तसा आमचा भोंगा बंद झाला. आम्ही घड्याळं घेतली ती तेव्हा."

गुणवंतीचा चेहरा उतरला. नलूच्या मनात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगा.

"चूक माझी, सर," गुणवंती म्हणाली. "लिहिणारी मी हाय."

"पण इथे पहिल्या पानावर आहे," लतिका मॅडम म्हणाल्या, "गिरणीचे तपशील, नलू परब."

नलूला ते पान गुणवंतीने दाखवलंच नव्हतं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव कशावर तरी छापून आलं होतं, आणि आलं ते नेमकं इथे.

दौलतराव तिच्याकडे वळले. "तुम्ही गिरणगावातल्या ना? तुमच्याही लक्षात आलं नाही?"

नजरचुकीने राहिलं, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. खुर्चीही राहिली असती हातात. पण गिरणी कामगाराच्या मुलीला संपातला भोंगा माहीत नाही, असं लोकांनी म्हणायचं? बाबा वर ऐकत असतील तर काय म्हणतील? जळकी म्हणा, पण अडाणी म्हणू नका.

"आलं होतं लक्षात," नलू म्हणाली. "मी मुद्दाम सांगितलं नाही."

मग तिला राहवलं नाही. "भोंगा बंद होता, तरी बाबा बरोबर त्याच वेळेला उठायचे. अंघोळ करायचे, शर्ट घालायचे आणि दारात बसून राहायचे. आई चहा द्यायची. संध्याकाळी शर्ट काढून घडी करून ठेवायचे. दीड वर्षं." हा सीन तिने स्वतःच्या मालिकेसाठी वीस वर्षं जपून ठेवला होता. तो असा फुकट गेला.

खुर्ची गुणवंतीला मिळाली.

जिन्यात ती नलूसमोर उभी राहिली. "चार दिवस तू माझी फजिती व्हायची वाट बघत होतीस, ताई?"

"हो."

"बरं झालं बोललीस," ती म्हणाली आणि डोळे पुसत खाली गेली.

सोमवारी मालिकेच्या पहिल्या बैठकीला नलू मुद्दाम उशिरा गेली. जायचंच नाही असं ठरवलं होतं, पण पाय घरात थांबेनात. बाकीच्यांनी आपापले वाटे उचलले होते. टेबलावर दोन उरले होते आणि गुणवंती त्यांच्यासमोर हात बांधून उभी होती. एका वाट्यात जाहिरातीआधीचं रडणं होतं. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'शर्ट. लेखन, नलू परब'.

"उचल," गुणवंती म्हणाली. आवाजात प्रेम नव्हतं. "मी शेवटी."

नलूने शर्टाचा वाटा उचलला. गुणवंतीने रडण्याचा घेतला आणि आपल्या जागी जाऊन बसली. मन मोठं करायचं, तर तेही हिनेच करावं, याचा नलूला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने नाक पुसलं, पेनाचं टोपण काढलं आणि कागदावर बाबांना उठवलं.