पुष्यातले केशरी तारे

लाल आणि हिरवा यांतला फरक आपल्याला दिसत नाही, हे धनेशला कळलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटची लेखी परीक्षा तो पास झाला होता आणि घोडपदेवच्या चाळीत त्याच्या आईने, कमलने, मजलाभर पेढेही वाटले होते. मेडिकलला गेल्यावर डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक त्याच्यापुढे धरलं.

"यात आकडा कुठला दिसतो?"

त्याला नुसते ठिपके दिसत होते. डॉक्टरांनी पान उलटलं. तिथेही ठिपकेच. त्याला वाटलं, चष्मा लागला असेल.

"चष्म्याचा विषय नाही," डॉक्टर म्हणाले. "जन्मापासूनच असतं हे. बहुतेक आईकडून येतं. बाकी तब्येत उत्तम आहे तुमची, पण इंजिनावर नाही घेता येणार."

घरी येऊन त्याने जसंच्या तसं सांगितलं. कमल मासे साफ करत होती. 'आईकडून येतं' हे ऐकल्यावर तिचा हात थांबला. मग ती परत मासे साफ करायला लागली. त्या दिवसापासून मात्र त्याचे शर्ट तीच आणायला लागली, आणि कुठलाच रंग कसा दिसतो हे तिने त्याला पुन्हा कधी विचारलं नाही. या विषयावर घरात जे काही बोलणं झालं ते एवढंच.

धनेशला पुढे नोकरी लागली ती वजनकाटे तपासणाऱ्या एका कंपनीत. हॉस्पिटलं, औषधांच्या लॅब, कॉलेजं. जिथे बारीक वजन करायचे काटे असतात तिथे जायचं, सोबतची प्रमाण वजनं ठेवायची आणि काटा खरं बोलतो का ते बघायचं. काम त्याला मनापासून आवडायचं. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, आकड्यावर ठेवायचा. दहा वर्षांत त्याच्या हातून काट्याची चूक सुटली नव्हती.

गिरगावातल्या एका कॉलेजात तो असाच काटा तपासायला गेला, तेव्हा शेजारच्या टेबलावर एक आखूड दुर्बीण आणि तिला जोडलेला डबीएवढा कॅमेरा पडला होता. फिजिक्सच्या वैदेही मॅडम तिथेच पेपर तपासत बसल्या होत्या. फणसवाडीत राहणाऱ्या, पन्नाशीच्या, बोलणं एकदम पुस्तकी पण हसणं मोकळं.

"मॅडम, याने काय मोजता?" त्याने विचारलं.

"ताऱ्यांचे रंग."

धनेश ओशाळून हसला. "मग आपल्या कामाचं नाही ते. मला रंग कळत नाहीत. लाल-हिरव्यात गडबड आहे."

वैदेहीबाईंनी पेन खाली ठेवलं. "अंधुक उजेडात रंग कुणालाच कळत नाहीत. तुमच्यामाझ्या डोळ्यात रंग ओळखणारा जो भाग असतो ना, त्याला भरपूर उजेड लागतो. तारा मंद असला की सगळ्या जगाला तो पांढराच दिसतो. म्हणून तर मोजावं लागतं."

मग त्यांनी समजावलं. कॅमेऱ्यापुढे एक निळी काच धरायची, फोटो काढायचा. मग दुसरी, पिवळसर हिरवी काच, परत फोटो. निळ्या काचेतून तारा किती तेजस्वी आला, दुसरीतून किती, यातली तफावत म्हणजे त्या ताऱ्याचा रंग. निळा तारा निळ्या काचेतून झळाळतो. लालसर तारा तिथे मंदावतो.

"म्हणजे रंग हा आकडा आहे?" धनेशने विचारलं.

"आकडाच."

तो काटा बंद करायचं विसरून तसाच उभा राहिला.

महिनाभर तो सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे शिकायला गेला. त्याचा हात स्थिर आहे आणि घाई नाही हे बघून बाईंनी त्यांची स्वतःची लहान दुर्बीण, कॅमेरा आणि काचा त्याला वापरायला दिल्या. "पुष्य घ्या," त्या म्हणाल्या. "कर्क राशीतला तारकागुच्छ आहे. मार्चमध्ये संध्याकाळीच वर येतो. मुंबईच्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण कॅमेऱ्याला दिसेल."

कमलला पुष्य माहीत होता तो कॅलेंडरातून. "गुरुपुष्यातलो पुष्य?" दुर्बीण गच्चीवर चढवताना तिने विचारलं. "सोनं घ्यायचा तो? तो खरोखरचा असतो वर?"

"खरोखरचा. शेकडो तारे आहेत त्यात."

"इतकी वर्षं नुसतं नाव घेतलं गो बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये जेमतेम चटई टाकण्याइतकी जागा होती. पूर्वेला गोदीकडचे दिवे, पश्चिमेला परळचे टॉवर. शेजारी नवी इमारत उठत होती आणि तिच्या क्रेनवरचा हॅलोजन थेट दुर्बिणीत शिरत होता. धनेश वैतागला. कमल खाली गेली, जाड सोलापुरी चादर घेऊन आली आणि टाकीच्या पाइपला एक टोक बांधून दुसरं हातात धरून उभी राहिली.

"आई, किती वेळ धरशील?"

"तू फोटो काढ. माझे हात दुखले की सांगेन मी."

खाडीवरून वारा सुटला होता, त्यामुळे धूळ थोडी निवळली होती. बाईंनी दिलेल्या साध्या द्विनेत्रीतून, दोन्ही डोळ्यांना लावायच्या दुर्बिणीतून, बघितलं तेव्हा, जिथे काहीच नव्हतं तिथे एकदम मूठभर तारे उमटले. धनेशने द्विनेत्री आईच्या हातात दिली आणि चादर स्वतः धरली. कमलने खूप वेळ पाहिलं. द्विनेत्री हलू नये म्हणून तिने कोपर टाकीवर टेकवलं.

"मोगऱ्याचा गजरा सुटलाय नुसता," ती म्हणाली.

"रंग कुठला दिसतो?" त्याने विचारलं. विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, घरात हा प्रश्न अकरा वर्षांनी आला होता.

कमलने परत द्विनेत्री डोळ्याला लावली. मग खाली घेतली. "माका तर सगळे पांढरेच दिसतत रे."

धनेश हसायला लागला. इतका हसला की चादर सुटली आणि हॅलोजन दोघांच्या तोंडावर आला. "मलाही पांढरेच दिसतात, आई. सगळ्यांनाच पांढरे दिसतात."

कमल हसली नाही. चादरीचं टोक तिने परत हातात घेतलं आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "माझे बाबा, तुझे कुशाबा आजोबा, आंबा पिकला की कच्चा हे वास घेऊनच सांगायचे. सगळे म्हणायचे, काय नाक आहे कुशाबाचं! तू मेडिकलवरनं आलास त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना दिसतच नव्हता रंग. त्यांचं माझ्यातून तुला आलं. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली रे."

"वेडी आहेस का? अकरा वर्षं हे धरून बसलीस?"

"मग काय करू? कोणाला सांगू?"

 क्रेनचा भोंगा वाजला, थांबला. "मला काही गेलंय असं वाटतच नाही," तो शेवटी म्हणाला. "तू चादर धर नीट. निळ्या काचेतले फोटो राहिलेत अजून."

पुढच्या रविवारी तो लॅपटॉपवर बसला. प्रोग्रॅम एकेका ताऱ्याचं तेज मोजायचा. ज्या ताऱ्यांचं तेज आधीपासून पक्कं ठाऊक होतं, त्यांच्याशी धनेश ते ताडून बघायचा. प्रमाण वजनं ठेवून काटा तपासतात तसंच. मग प्रत्येक ताऱ्यासाठी एक ठिपका. निळे डावीकडे, लालसर उजवीकडे. तेजस्वी वर, मंद खाली.

सुरुवातीला ठिपके कुठेही पडताहेत असं वाटलं. पंचवीस-तीस झाल्यावर तो सावरून बसला. ठिपके विखुरत नव्हते. एकामागोमाग एक, ते वर डावीकडून खाली उजवीकडे एका तिरक्या वळणदार रेषेवर येऊन बसत होते. त्याने सांगितलं नव्हतं त्यांना तसं बसायला. घोडपदेवच्या गच्चीवरून, क्रेनच्या उजेडात, आईने चादर धरली असताना काढलेले फोटो. आणि तिकडे वर कसला तरी नियम होता, आणि तो नियम याच्या दहा बाय बाराच्या खोलीत पडद्यावर उतरत होता. आयुष्यात पहिल्यांदा ठिपक्यांच्या पानात त्याला काहीतरी दिसत होतं. त्याच्या अंगावर काटा आला.

पण चार तारे रेषेवर बसेनात. चांगले तेजस्वी तारे, आणि आकडा सांगत होता की ते बाकीच्यांपेक्षा खूपच लालसर आहेत. रेषेपासून दूर, उजवीकडे वरच्या अंगाला ते एकटेच उभे होते.

धनेशचा चेहरा उतरला. आपणच घोळ केला, त्याला वाटलं. काचा बदलताना उलटसुलट झालं असणार. काचांच्या कडेला बारीक अक्षरं होती, निळीवर बी, हिरवीवर व्ही, पण अंधारात वाचली का आपण? की रंगावरूनच उचलल्या? ज्याला रंग कळत नाहीत त्याने या फंदात पडावंच कशाला?

त्याने बाईंना फोन केला नाही. पुढच्या चंद्र नसलेल्या संध्याकाळी तो परत गच्चीवर गेला. यावेळी प्रत्येक काच बसवण्याआधी त्याने आईच्या हातात दिली. "अक्षर वाच. आणि रंगही सांग."

"ही निळी. बी लिहिलंय," कमल म्हणायची. चादर धरायला आता शेजारच्या जाईबाई आल्या होत्या. "ही हिरवी. व्ही."

सगळं पहिल्यापासून परत मोजलं. रेषा परत उतरली. आणि ते चार तारे परत तिथेच, उजवीकडे वर, एकटे.

आता मात्र तो लॅपटॉप घेऊन फणसवाडीत गेला. "मॅडम, चार तारे चुकलेत," त्याने दारातच सांगितलं. "दोनदा केलं. काचा आईने वाचल्या. तरी चुकतंय."

वैदेहीबाईंनी पडदा आपल्याकडे वळवला. चारही ठिपक्यांचे आकडे त्यांनी एकेक करून वाचले. धनेश त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "हे चुकलेले नाहीत. हे म्हातारे झालेत."

"म्हणजे?"

"हे सगळे तारे एकाच ढगातून, एकाच वेळी जन्मले. एका घरातली भावंडं म्हणा. रेषेवर आहेत ते अजून आपलं पहिलं इंधन जाळताहेत. पण जो तारा जास्त जड, तो जास्त भडकून जळतो, त्याचं इंधन आधी संपतं. मग तो फुगतो, बाहेरून थंड होतो आणि लालसर पडतो. हे चार त्यांतले." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि तारे रेषा कुठल्या जागी सोडतात, यावरून या अख्ख्या गुच्छाचं वय काढता येतं. साठ-सत्तर कोटी वर्षं. धनेश, तुम्ही ते वय मोजलंत. गच्चीवरून."

धनेश पाणी प्यायला.  "आणि हे दिसतंय ते आत्ताचं?"

"उजेड निघून सहाशे वर्षं झाली. तेव्हा मुंबई म्हणजे सात बेटं होती."

तो चालतच घोडपदेवला आला. काळबादेवी, भायखळा, दुकानांच्या पाट्या, टॅक्स्यांचे दिवे. रस्त्यात त्याने कितीदा तरी वर पाहिलं. आकाश राखाडी होतं आणि त्यात काहीच दिसत नव्हतं. सगळं तिथेच होतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी वैदेहीबाई कॉलेजची मोठी दुर्बीण टॅक्सीत घालून स्वतः आल्या. कमलने जाईबाईंना सांगितलं होतं, जाईबाईंनी चाळीला. जिन्यावर रांग लागली. धनेशने दुर्बीण पुष्यावर लावली आणि त्या चारांतला एक मधोमध आणला. "हा केशरी आहे," त्याने सगळ्यांना सांगितलं.

माणसं एकेक करून डोळा लावत होती. "पांढराच आहे की," कुणीतरी म्हणालं. "केशरी कुठला म्हणतोस तू?"

"मधला," धनेश म्हणाला. "बाजूचे दोन निळसर आहेत. त्यांच्याशी ताडून बघा, घाई करू नका."

कमलचा नंबर आला. साडीचा पदर खोचून ती वाकली. श्वास रोखून बघत राहिली. मागची माणसं चुळबुळायला लागली, तरी ती हलली नाही.

"धनू," ती हळूच म्हणाली. "आहे रे. आहे. दुधात केशराची काडी टाकली की पहिल्यांदा अशीच झाक येते. बाजूचे तसे नाहीत." तिने मान वर केली तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, बघून बघून की आणखी कशाने कोण जाणे. "तुला कसं रे कळलं?"

"मोजलं," तो म्हणाला.

सगळ्यांचं झाल्यावर त्याने स्वतः डोळा लावला. त्याच्यासाठी तिथे पांढरे तारे होते. सगळे पांढरे, अतिशय शांत, एकमेकांजवळ. कमलने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. तो बघत राहिला. तारे सरकत सरकत दुर्बिणीच्या कडेला गेले तेव्हा त्याने स्क्रू थोडासा फिरवला आणि त्यांना परत मधोमध आणलं.