श्रद्धांजलीच्या पट्टीखाली आलेला फोटो

गावाच्या सेवा केंद्रासमोर सकाळपासून गर्दी होती, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आत कॉम्प्युटरवर गावाच्या वेबसाइटचं ‘आमचे जवान’ हे पान उघडं होतं. वर गावचे फौजी ओळीत. खाली काळी पट्टी, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि त्या पट्टीखाली, गेलेल्या माणसांशेजारी, हिंदुरावांच्या विश्वजीतचा लग्नातला फोटो.

विश्वजीत जिवंत होता. सीमेवर होता, आणि काही दिवसांपासून त्याचा फोन लागत नव्हता.

कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. इथं फोन वाजला तरी बायांच्या काळजात धस्स होतं. देवऋषी कोंडीबाला हे पक्कं ठाऊक होतं.

“जोतिबा हवालदार असाच खाली आला हुता,” कोंडीबा डोळे मिटून घुमत म्हणाला. “आठवड्यात उचलला!”

जोतिबा हवालदार नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले. पण हे आठवायला डोकं ठिकाणावर लागतं.

“आवं, मोबाइलवर तर फोटू वरच दिसतोय,” मी म्हणालो. सेवा केंद्र आणि वेबसाइट मीच सांभाळतो.

“मोबाइल मान्साला बरं वाटंल त्ये दावतो. ह्या मशीनचं तोंड देवीकडं हाय. ह्ये खोटं बोलत न्हाई.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “पोरगं एकलं हाय का फोटूत? बाजूला कोन हाय? तिच्या वज्यानंच, तिच्या भारानंच त्यो खाली आला!”

सगळ्या माना संयोगिताकडे वळल्या. विश्वजीतची बायको, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

उपायही तयार होता. बाईनं देवळासमोर बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं आणि अमावास्येच्या आत गावाची हद्द सोडायची. म्हणजे मरणाला वाटेल, काम झालं, आणि ते माघारी फिरेल. नवरा जिवंत असताना बाईला विधवा करायचं, आणि त्याला उपाय म्हणायचं! माझं डोकं फिरलं. मी कराडला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माझ्या भाचीला, क्रांतीला फोन केला.

ती येईपर्यंत केंद्रासमोरच्याच देवळापुढं बांगड्या फोडायला दगड मांडला गेला होता. सासू चंद्राबाई रडत होती, पण सुनेचं मनगट तिनंच धरलं होतं. लेकाच्या जिवाची भीती तिला खात होती. डाव्या हातातल्या बांगड्या फुटल्या. कुणीतरी ओला फडका पुढं केला, कुंकवासाठी.

“थांबा!” क्रांती ओरडली. “कुंकू काय पळून जात नाही. आधी मला पान बघू दे.”

ती कॉम्प्युटरसमोर बसली, मग मला म्हणाली, “मामा, इथं एवढा जुना ब्राउझर का?”

“अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र दुसऱ्या ब्राउझरवर चालत नाही. म्हणून काढला नाही.”

तिनं मान हलवली. मग यात्रेच्या फ्लेक्सवरचा कोंडीबाचा फोटो मागवला. कोंडीबा मध्ये, दोन्ही अंगांना चेले. तो तिनं जवानांच्या ओळीच्या शेवटी टाकला आणि पान पुन्हा उघडलं.

कोंडीबा चेल्यांसकट श्रद्धांजलीच्या पट्टीखाली आला.

सगळ्या माना आता त्याच्याकडे वळल्या.

“काढ! काढ त्ये!” कोंडीबा किंचाळला. त्याचं घुमणं कुठल्या कुठं गेलं.

“का वो?” गर्दीतली बनुबाई पुढं झाली. “मशीन खोटं बोलत न्हाई नव्हं? मग तुमच्या कारभारनीला बोलवू का बांगड्या फोडायला?”

क्रांती लोकांकडे वळली. “हे फोटो दाखवणारं पान आहे. मोठा फोटो चौकटीत बसेल एवढा लहान कर, असा हुकूम त्यात लिहिलाय. नव्या ब्राउझरला तो कळतो. ह्या जुन्याला कळत नाही. फोटो आडवा असला की चौकट फुगते, ओळीत मावत नाही आणि खाली घसरते. खाली श्रद्धांजलीची जागा आहे, एवढंच. बाकी सगळ्यांनी एकट्याचे फोटो दिले. विश्वजीतचा जोडीचा, म्हणून आडवा. जोतिबा हवालदारांचा जीपसोबतचा, तोही आडवा.”

तिनं कोंडीबाला काढलं आणि विश्वजीतचा फोटो हातानं लहान केला. संयोगिताला कापलं नाही. दोघं जिवंतांच्या ओळीत जाऊन बसली.

कोंडीबा गर्दीतून सटकला. चंद्राबाईनं सुनेचा हात सोडला. “चल पोरी, घरी.”

संयोगिता हलली नाही. मनगटावर रक्त होतं. “आत्ती, ह्ये कळायच्या आत ह्यांचं काय बरंवाईट झालं असतं, तर मीच खाल्लं म्हनला असता नव्हं?”

चंद्राबाईनं पदरानं तिच्या मनगटावरचं रक्त पुसलं.

वाचकहो, यंत्रं जुनी होणार, चुकणार. उद्या तुमच्याही गावात काहीतरी घसरेल आणि एखादा कोंडीबा एखाद्या बाईकडे बोट दाखवेल. तेव्हा एवढंच विचारा, की तिच्या जागी दुसऱ्याला ठेवलं तर काय होतं? करून बघा. आम्हीही करून बघितलं, पण एका हाताच्या बांगड्या फुटल्यावर.