एकतिसाव्या ताऱ्याचा सोबती

ॲरिझोनातील त्या डोंगरावर वेंडेल ट्रुइट याने सत्तावीस वर्षे दुर्बीण चालविली. परंतु त्या सायंकाळचे काम त्याला पत्नीच्या शवपेटीस खांदा देण्याहूनही जड गेले.

पत्नी एडिथ खगोलशास्त्रज्ञ होती. साठ तेजस्वी ताऱ्यांच्या झगमगाटात एखादा मंद सोबती दडला आहे काय, याचा तिने नऊ वर्षे शोध घेतला. हवेने प्रतिमा हलण्याआधीच, क्षणार्धात टिपलेली हजारो क्षणचित्रे ती एकत्र जुळवी, आणि वहीत लिही : ‘सोबती नाही.’ एकोणसाठ वेळा तेच. केवळ यादीतील एकतिसाव्याच्या, सर्वांत शेवटी पाहिलेल्या ताऱ्याच्या, कुशीत एक ठिपका दिसला, आणि त्याच आठवड्यात तिला इस्पितळात न्यावे लागले.

“कॅमेरा फिरवून पाहिलास ना?” खाटेवरून तिने विचारले.

कॅमेरा पाव वळसा फिरविला की आकाशातील खरा तारा पडद्यावर जागा बदलतो. कॅमेऱ्याच्याच भिंगांतील परावर्तनाने उमटलेला खोटा ठिपका मात्र जागचा हलत नाही. ही परीक्षा झाल्यावाचून शोध तो शोध नव्हे. परंतु ठिपका दिसला त्या रात्रीनंतर आभाळ भरलेलेच होते, आणि परीक्षा झालीच नव्हती.

“फिरवला. हलला ठिपका,” वेंडेल म्हणाला.

“बघ, म्हातारबा! आणि तू म्हणायचास, एवढ्या वर्षांत मी मासे तरी धरले असते!”

ती हसली. चौथ्या दिवशी ती गेली.

आता तिचा शोधनिबंध छापावयास जाणार होता. तिची शिष्या मार्लीन ओचोआ दुपारीच वर आली होती.

“वेंडेल, एकतिसाव्याच्या तपासणीची चित्रं कुठं ठेवलीत? मी सगळं धुंडाळलं.”

“नाहीत, पोरी. काढलीच नव्हती.”

“मग बाईंना काय सांगितलंत?”

“तिला ऐकायचं होतं ते.”

मार्लीनने कॅमेऱ्याचे झाकण काढले. मग म्हणाली, “चला, काढू. एवढ्या तेजस्वी ताऱ्याला अंधाराची वाट कशाला बघायची? आणि आधी हात धुवा. बुरिटो खाल्लेला तेलकट हात कॅमेऱ्याला लागलेला बाईंना खपायचा नाही.”

सूर्य नुकताच मावळला होता. पहिली चित्रे निघाली; ठिपका डावीकडे, एडिथने वर्णिला होता तसाच. वेंडेलने कॅमेरा पाव वळसा फिरविला. पुन्हा चित्रे निघाली.

ठिपका डावीकडेच होता.

“परत घे,” तो म्हणाला. परत घेतली. तिसऱ्यांदाही घेतली. ठिपका तसूभर हलला नाही.

“आपण लिहू की ‘खात्री व्हायची आहे’,” मार्लीन हळूच म्हणाली. “त्यात खोटं काय? बाईंचा एकुलता एक शोध आहे हो.”

“खात्री झाली आहे. हे तिला कळतं तर तिनं स्वतःच खोडलं असतं, आणि मला आठवडाभर जेवायला वाढलं नसतं.”

त्याने एडिथची वही उघडली. तिच्या अक्षरातील ‘सोबती आहे!’ या ओळीपुढे उद्गारचिन्ह होते. नऊ वर्षांत तिने दिलेले ते एकच. त्याने ती ओळ खोडली, परंतु वाचता येईल इतक्या बारीक रेघेने. खाली लिहिले : ‘सोबती नाही. तपासणी आज झाली. आधी झाली होती हे मी खोटे सांगितले. वें. ट्रु.’

मग वही मिटून मार्लीनच्या हाती देताना तो म्हणाला, “माझ्यावर भरवसा ठेवून गेली ग ती.”