ऑरिनची डावी, लव्हेलच्या पायात

माझे पूर्ण नाव नॉर्थफोर्क रुंद, एकशे ब्याऐंशी सेंटिमीटर, डावी. वय नऊ हिवाळे पूर्ण. बर्फावरून घसरत उतरण्यासाठी माणसे ज्या लांब पट्ट्या पायांना बांधतात, त्या स्कीच्या जोडीतील मी एक. स्कीला डावे-उजवे नसते, असे दुकानदार सांगतात. परंतु ज्या पायाखाली आपण वावरतो त्या पायाची आम्हांला सवय लागते, आणि लागलेली सवय आम्ही सोडत नाही.

अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या एका लहानशा कारखान्यात माझा व माझ्या उजवीचा जन्म एकाच साच्यातून झाला. लाकडाचा गाभा, काळा गुळगुळीत तळ, पोलादी कडा. ऑरिन सोरेन्सन यांनी आम्हांला विकत घेतले. हे गृहस्थ सकाळी घाटरस्त्यावरचा बर्फ यंत्राने बाजूला सारतात व त्याला शिव्या देतात. दुपारी त्याच बर्फावर उतरतात आणि त्याचे गुण गातात. यात त्यांना काहीही विसंगत वाटत नाही.

त्यांचे मित्र लव्हेल ॲलरेड. आयुष्यभर गावाचे केस कापून ते आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या स्की अरुंद, जुन्या वळणाच्या. दोघांच्या बुटांचे माप मात्र एकच, आणि पुढचा सारा अनर्थ त्यामुळेच शक्य झाला.

आमच्या कोल्डवॉटरच्या डोंगरावर असा रिवाज आहे की, ट्रुडीबाईंच्या खाणावळीत जेवायला जाताना कोणीही आपली जोडी एकत्र ठेवत नाही. आपली एक आणि मित्राची एक अशा मिसळून त्या दोन वेगळ्या कठड्यांना टेकवतात. विजोड जोडी चोर नेत नाही. त्यामुळे दररोज दुपारी मी लव्हेल यांच्या उजवीशेजारी उभी असे. आमचे संबंध सौजन्याचे होते, जिव्हाळ्याचे नव्हते.

जानेवारीत वादळ आले. वाऱ्यामुळे वरचा रोपवे बंद होता आणि सारे जण ट्रुडीबाईंच्या खाणावळीत चिली नावाचा राजम्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल खात अडकून पडले होते. अचानक वारा पडला. रोपवे सुरू झाल्याची घंटा वाजली. ताज्या बर्फावर सर्वांआधी उतरण्यासाठी माणसे वाडगी तशीच टाकून धावली. लव्हेल त्या वेळी शौचालयात होते.

“अरे ऑरिन, लव्हेल आत आहे अजून!” ट्रुडीबाई ओरडल्या.

“ताज्या बर्फापुढे मैत्री नसते, ट्रुडी! त्याला म्हणावं, वर ये!”

हा तेथील नियमच आहे; त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. परंतु घाईत ऑरिन यांनी दोन्ही कठड्यांवरून एकेक स्की घेण्याऐवजी एकाच कठड्यावरच्या दोन्ही उचलल्या. माझी उजवी आणि लव्हेल यांची डावी निघून गेल्या. लव्हेल बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आपल्या उजवीबरोबर मला पायात चढवले.

सायंकाळी ऑरिन सर्वांसमक्ष हसले. “काय रे, विजोड घालून उतरलास कसा? बदकासारखा?”

लव्हेल हसले नाहीत. “झाडीत मी दर वेळी तुझ्यासाठी थांबतो, लेका. तुला आज दोन मिनिटं जड झाली?”

“बर्फ थांबतो का कोणासाठी?”

“मग राहू दे. स्की हवी असेल तर माफी मागायला ये.”

“माझी स्की तुझ्याकडे, आणि माफी मी मागू?”

येथे झाडीविषयी सांगणे अवश्य आहे. फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळी राहते आणि तिच्यावर मऊ बर्फ साचतो. तीत डोके खाली होऊन पडलेल्या माणसाला स्वतःहून निघता येत नाही. थोड्याच वेळात श्वास संपतो. म्हणून हे दोघे झाडीत नेहमी जोडीने जात. आता दोघेही एकेकटे जाऊ लागले.

फेब्रुवारीभर वादळांवर वादळे आली. मी रुंद असल्याने बर्फावर तरंगे आणि लव्हेल यांची अरुंद उजवी खाली रुते. त्यांचा एक पाय माडीवर तर दुसरा तळघरात. ऑरिन यांचीही हीच अवस्था असल्याचे ऐकिवात होते. जोडी बदलून घ्यायला दोघांपैकी एकही तयार नव्हता.

“चार स्की आहेत, पण जोडी एकही नाही,” ट्रुडीबाई म्हणाल्या. “आणि डोकी तर मोजायलाच नकोत.”

मार्चमध्ये मोसमातील सर्वांत खोल बर्फ पडला. लव्हेल एकटेच झाडीत शिरले. तिसऱ्या वळणावर उजवी रुतली, निसटली आणि ते डोके खाली होऊन एका बुंध्याभोवतीच्या पोकळीत गेले. मी त्यांच्या बुटाला अडकून राहिले. माझे टोक तेवढे वर उरले. खालून प्रथम आवाज येत होता. मग तो बारीक झाला. मला हाक मारता येत नाही.

ऑरिन शीळ घालत वरून आले आणि पुढे निघून गेले. नंतर शीळ थांबली.

“अरेच्चा! ही माझी डावी!”

ते कमरेइतक्या बर्फातून चढ चढून परत आले आणि त्यांनी मला ओढले. मी आले नाही. त्यांनी अधिक जोराने ओढले. माझा गाभा तडकल्याचे मला कळले. मग त्यांच्याही ध्यानात आले की, मी कोणाच्या तरी पायात आहे, आणि कोणाच्या, हेही.

“लव्हेल! लव्हेल, बोल रे!” ते हातांनी बर्फ उकरत होते.

लव्हेल यांचा चेहरा निळा पडला होता. तोंडातला बर्फ थुंकून ते म्हणाले, “थांबलास?”

“स्कीसाठी थांबलो.”

“खोटं बोलतोस.”

“नाही रे. देवाशपथ. फक्त स्कीसाठी.”

एवढे बोलून ऑरिन खालीच बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. वारा मुळीच नव्हता.

“त्या दिवशी थांबायला हवं होतं मी,” ते म्हणाले.

“हो,” लव्हेल म्हणाले. “आता माझी दुसरी स्की शोध. मला थंडी वाजतेय.”

सध्या मी ट्रुडीबाईंच्या खाणावळीच्या भिंतीवर आहे. तडकलेल्या गाभ्याला दुरुस्ती नाही. माझी उजवी माझ्याशेजारी आहे, कारण एकट्या स्कीचा कोणाला उपयोग नसतो. आम्हांला पाहून पाहुणे काय घडले ते विचारतात आणि गावातला प्रत्येक जण वेगळे उत्तर देतो. वाचकहो, आपण तरी हे उत्तर खरे मानावे, एवढीच विनंती.

ऑरिन यांनी नवी जोडी घेतली. आता झाडीत दोघे एकत्र जातात, आणि जो आधी खाली पोहोचतो तो दुसऱ्यासाठी थांबतो.