गोट्यावरच्या बुळबुळीचं गाऱ्हाणं

मी एक जुना जीवाणू आहे, मित्रांनो, पण माझं नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलं नसेल. पाण्यातल्या दगडाला हात लावल्यावर जी बुळबुळ लागते आणि तुम्ही तोंड वाकडं करता, तिच्यातच माझं घर आहे.

माझं घराणं मोठं. आमचे लांबचे भाऊबंद मिथेन वायू खातात. त्यांचं आणि आमचं अन्न पचवायचं जनुक मुळात एकच होतं. पिढ्यानपिढ्या त्यात बारीक बदल होत गेले आणि आमच्या वाट्याला अमोनिया आला. त्या जनुकाच्या जादा नकलाही आम्ही जपून ठेवल्या. या नादात दुसरं काही खाऊन जगायची सोय मात्र राहिली नाही. शिवाय पोटभर मिळालं तरी आमचा वंश फार सावकाश वाढतो.

बोंडअळीने कपाशी खाल्ली, तलाव आटत चालले, त्या वर्षांत नांदगाव खंडेश्वरच्या पुंजाराम भोयाने परसात सिमेंटचा हौद बांधून रोहू सोडले. तलावात उरलेल्या पाण्यातले ओले गोटे त्याने हौदात टाकले, त्यांच्यासोबत मी आलो. त्याची बायको सत्यवती बचत गटाची अध्यक्ष. मासे गटानेच विकायचे ठरले होते. शेतात मजुरी उरली नव्हती, त्यामुळे गटातल्या बायांची सगळी आस या माशांवर होती. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया सुटे आणि आम्ही तो गुपचूप संपवत असू. आमच्यामागून उरलेलं विष दुसरे जीवाणू निस्तरत. मासे हातभर झाले. कौतुक कुणाचं झालं? पाणी फिरवणाऱ्या मोटारीचं! तिला हळदकुंकूसुद्धा वाहिलं.

मग तालुक्याचे साहेब हौद पाहायला येणार असं ठरलं. सत्यवतीने मासे प्लास्टिकच्या टाकीत काढले आणि हौदात उतरली.

"काय घाण हाय ही! साहेब काय म्हनतीन?"

"राहू दे ना वं, मासे तं मजेत हायेत," पुंजाराम म्हणाला.

"तुमाले काय? लोकं नावं मले ठेवतीन!"

तिने ब्लीचिंग पावडर टाकून भिंती खरवडल्या, गोटे घासून उन्हात वाळवले. ज्या हातांसाठी आम्ही राबलो, त्याच हातांनी आमचा वंश संपवला. एका गोट्याच्या भेगेत आम्ही मूठभर तेवढे वाचलो.

नव्या पाण्यात मासे सोडले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात मासे वर येऊन तोंड उघडू लागले, मग उलटे तरंगू लागले.

"पानी तं आरशावानी हाय, मंग काहून मरून राहिले हे?" सत्यवती रडत होती. मला तिची कीव आली नाही, मित्रांनो. राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आम्ही मूठभर, एवढं विष कसं संपवणार?

तुम्हाला हात जोडून सांगतो, घासायचंच असेल तर थोडं थोडं घासा. काही गोटे तसेच राहू द्या.

मासे गेले, अमोनिया राहिला. तो खाऊन आम्ही हळूहळू पुन्हा वाढलो. आज हे पाणी माशांना राहण्याजोगं झालं आहे, आणि सत्यवती गटातल्या बायांना घेऊन हौद बुजवायला माती टाकते आहे.